कॉम्प्रेसर आणि गेट लावताना ‘नाही’ गिळलं जाऊ नये म्हणून

मराठी वाक्यात नकार शेवटी येतो, आणि नेमका तिथेच वाचणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो. ‘आम्ही मागे हटणार नाही’ हे एकदा मोठ्याने म्हणून बघा. ‘मागे’वर जोर येतो, ‘हटणार’पर्यंत आवाज टिकतो आणि ‘नाही’ हनुवटीखाली उतरतं. कळव्याचा एक मुलगा घरी रेकॉर्ड केलेलं नाट्यवाचन दुरुस्तीसाठी माझ्याकडे घेऊन आला होता. त्यात नॉइज गेट, म्हणजे कुणी बोलत नसताना आवाज मिटवणारं यंत्र, इतका करकचून लावला होता की सरदार प्रत्येक प्रसंगात ‘आम्ही मागे हटणार’ म्हणून मोकळा होत होता. मधली शांतता मात्र अगदी चोख!

गेट शिकवताना बहुतेक जण ड्रम समोर ठेवून शिकवतात, नाहीतर इंग्रजी बोलणं. तिथले आकडे जसेच्या तसे उचलले की मराठी वाचनाचं हे असं होतं. ठाण्याच्या नौपाड्यात माझी दोन खोल्यांची ध्वनिमुद्रणाची जागा आहे. श्राव्य पुस्तकं, माहितीपटांची निवेदनं, अधूनमधून एखादं भजनी मंडळ, एवढंच माझं काम. त्यात हाताला बसलेली पद्धत इथे सांगते. माझ्या रॅकमध्ये डीबीएक्स २६६ नावाचं यंत्र आहे. दोन चॅनेल, आणि प्रत्येक चॅनेलला गेट व मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर एकाच पेटीत. तुमच्याकडे बेहरिंगर असेल, आणखी कुणाचा असेल किंवा नुसता प्लगइन, म्हणजे संगणकात चालणारी नक्कल, असेल. नॉबची नावं थोडी इकडेतिकडे होतात, काम तेच राहतं.

आधी खोलीचं बघा

गेट गोंगाट साफ करत नाही. कुणी बोलत नसताना तो आवाज खाली ओढतो, बस. बोलणं सुरू झालं की गेट उघडतो आणि माणसाबरोबर पंखाही ऐकू येतो. म्हणून शब्दांच्या खाली घरघर असेल, तर ती गेटने जाणार नाही, उलट चालू-बंद होत राहिल्यामुळे जास्तच टोचेल.

माझी इमारत स्टेशनच्या अंगाला आहे. लोकलचे भोंगे, गोखले रोडवरचे हॉर्न, दुपारी साडेबाराला सगळ्या मजल्यांवर एकदम सुरू होणारे कुकर, हे रोजचंच. पावसाळ्यात खिडकीवरचा पत्रा वाजायचा, त्यावर जाड काथ्याची चटई बांधून घेतली, बराच फरक पडला. गणपतीच्या आधीचे ढोल-ताशांचे सराव, दहीहंडी, टेंभी नाक्याची नवरात्र या दिवसांत मी पहाटेची वेळ देते आणि वाचणाऱ्यांना सकाळचा चहा पाजते. यावर कुठल्याही पेटीत उपाय नाही.

पंखा, एसी, फ्रिज बंद करून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि मीटर बघा. नेहमीचं वाचन ज्या गेनवर (माइकचा आवाज किती वाढवायचा तो नॉब) घेता त्याच गेनवर. मीटरचं सर्वांत वरचं टोक शून्य, म्हणून आकडे उणे. सरासरी पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली असेल तर उत्तम. उणे ५०च्या आसपास असेल तर गेटचा नॉब हातात घेण्याआधी गोधड्या, पडदे, दाराखालची फट आणि माइकपासूनचं अंतर यांकडे वळा. माइक एक वीत जवळ आणल्याने जे मिळतं ते अनेकदा महागड्या यंत्रातूनही मिळत नाही.

वायर कुठून कुठे

कॉम्प्रेसरच्या मागे एक्सएलआरचं, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या केबलचं, भोक दिसलं की माइकची केबल थेट त्यात खोचायचा मोह होतो. तसं करू नका. माइकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि ही यंत्रं लाइन पातळीवर चालतात. व्यावसायिक लाइन पातळी म्हणजे +४ डीबीयू, साधारण १.२३ व्होल्ट. म्हणून माइक आधी प्रीअँपमध्ये, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रात, प्रीअँपचा लाइन आउट कॉम्प्रेसरच्या इनपुटमध्ये, आणि कॉम्प्रेसरचा आउटपुट संगणकाला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनमध्ये. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट (यालाच फँटम म्हणतात) प्रीअँपच देतो. कॉम्प्रेसरचा त्याच्याशी संबंध येत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे. बऱ्याच इंटरफेसवर पुढे कॉम्बो सॉकेट असतं, म्हणजे एकाच भोकात एक्सएलआरही बसतो आणि पाव इंची जॅकही. एक्सएलआर लावलात तर सिग्नल माइकच्या प्रीअँपमधून जातो, जॅक लावलात तर लाइनमधून. कॉम्प्रेसरहून येणारी केबल जॅकचीच हवी, तीही टीआरएस, म्हणजे पिनवर दोन काळ्या रेघा असलेली. एक्सएलआर लावून चुकून फँटमचं बटण दाबलं तर ते ४८ व्होल्ट कॉम्प्रेसरच्या आउटपुटवर उलटे चढतात. काही यंत्रं ते सोसतात, काही सोसत नाहीत. परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

मिक्सर असेल तर काम सोपं. चॅनेलच्या ‘इन्सर्ट’ सॉकेटला इन्सर्ट केबल लावायची. तिच्या एका टोकाला टीआरएस जॅक असतो आणि दुसऱ्या टोकाला दोन साधे जॅक. बहुतेक मिक्सरवर टोकाचा भाग सिग्नल बाहेर पाठवतो आणि मधलं कडं परत घेतं. तेव्हा टोकाला जोडलेला जॅक कॉम्प्रेसरच्या इनपुटला आणि कड्याला जोडलेला आउटपुटला. लाल-काळ्या रंगांवर भिस्त ठेवू नका, प्रत्येक केबल बनवणाऱ्याचा हिशेब वेगळा. चॅनेल मुका झाला तर दोन जॅक अदलाबदल करून बघा. मी या केबली लॅमिंग्टन रोडवरून पिना आणि वायर आणून भाच्याकडून सोल्डर करून घेते आणि प्रत्येक जॅकवर ‘जा’ आणि ‘ये’ अशी पांढरी पट्टी चिकटवते. अंधारात रॅकच्या मागे वाकल्यावर तीच उपयोगी पडते.

मिक्सर नाही, वेगळा प्रीअँपही नाही, फक्त दोन चॅनेलचा इंटरफेस आहे, अशा वेळी रेकॉर्ड करताना कॉम्प्रेसर मध्ये घालायला जागाच नसते, कारण प्रीअँप आणि डिजिटल रूपांतर एकाच डब्यात बंद आहेत. मग रेकॉर्डिंग झाल्यावर आवाज बाहेर काढून परत आत घ्यायचा. त्यासाठी स्पीकरचे दोन सोडून जादा आउटपुट आणि मोकळा लाइन इन लागतो. स्कार्लेट ४आय४सारख्या इंटरफेसला ते असतात. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रीइन्सर्ट’ नावाचा प्लगइन आहे. त्यात आउटपुट ३, इनपुट ३ असं निवडायचं. जाऊन येण्यात सिग्नलला थोडा उशीर होतो, तोही तिथेच भरून काढता येतो. हे करताना त्या इनपुटचं थेट ऐकणं बंद ठेवा, नाहीतर एकच वाक्य दोनदा ऐकू येईल, किंवा सिग्नल स्वतःच्याच शेपटीमागे फिरून किंचाळेल.

यंत्राच्या मागे कधीकधी +४ आणि −१० असं छोटं बटण असतं. −१० डीबीव्ही ही घरगुती उपकरणांची पातळी, साधारण ०.३२ व्होल्ट. दोन्हींत जवळजवळ १२ डेसिबलचं अंतर आहे. बटण चुकीच्या बाजूला राहिलं तर थ्रेशोल्ड (यंत्र कोणत्या पातळीला कामाला लागेल तो नॉब) कितीही फिरवा, एकतर मीटर हलतच नाही, नाहीतर सतत लाल. आणखी एक सॉकेट नवख्याला फसवतं: ‘साइडचेन’. तिथे लावलेला आवाज बाहेर ऐकू यायचा नसतो. तो फक्त यंत्राच्या कानाला दिला जातो. त्याचा उपयोग पुढे येईल, तोवर ते रिकामं ठेवा आणि पुढचं साइडचेनचं बटणही बंद.

सगळं जोडलं आणि ‘हूं’ असा आवाज यायला लागला, तर तो बहुधा ५० हर्ट्झचा, आपल्या विजेचा. दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या प्लगमधून अर्थिंग घेतात आणि केबलच्या जाळीतून वर्तुळ पूर्ण होतं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, निम्म्या वेळा तोच असतो. मग सगळी उपकरणं एकाच नीट अर्थिंग असलेल्या बोर्डवर आणा, केबली बॅलन्स्ड, म्हणजे टीआरएस किंवा एक्सएलआरच्या, आहेत ना ते बघा. एवढं करूनही राहिला तर आवाजाच्या केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची जाड तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला जुन्या इमारतींतून हमखास मिळतो. ‘हूं’ जाईल, पण पेटीत बिघाड झाला तर तिच्या धातूला हात लावणारा माणूसही जाईल. आणि परदेशातून आलेलं जुनं यंत्र घेतलं असेल, तर मागचा व्होल्टेजचा स्विच २३०वर आहे की ११५वर, ते प्लग लावायच्या आधी बघा.

गेट आधी की कॉम्प्रेसर

गेट आधी. कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो, मग आपण एकूण पातळी वर उचलतो, आणि त्याबरोबर खोलीची घरघरही वर येते. मोठा आणि बारीक आवाज यांतलं अंतर एकदा कमी झालं की गेटला शब्द कोणता आणि पंखा कोणता हे ओळखणं अवघड जातं. एकत्र पेटीत हा क्रम आतच लावलेला असतो. प्लगइन वापरताना मात्र तुम्हालाच लावावा लागतो.

दोन्ही का लागतात, हे आकड्यांत बघू. ऑडिबलसाठी पुस्तकं घेणाऱ्या एसीएक्सची अट अशी: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८च्या मध्ये, सर्वांत मोठं शिखर उणे ३च्या खाली आणि शांततेतली पातळी उणे ६०च्या खाली. समजा तुमच्या कच्च्या रेकॉर्डिंगची सरासरी उणे २९ आहे, शिखरं उणे १०, शांतता उणे ६२. सरासरी उणे २०वर आणायची म्हणजे ९ डेसिबल वाढवायचे. नुसते वाढवले तर शिखरं उणे १ होतात, नापास. शांतता उणे ५३, तीही नापास. आता कॉम्प्रेसरने शिखरांतले ५ डेसिबल घेतले तर ती उणे १५ होतात. दाबल्यामुळे सरासरीही थोडी उतरते, म्हणून १० वाढवू. शिखरं उणे ५, पास. शांतता उणे ५२, तिला गेटने १० डेसिबल खाली ढकललं की पुन्हा उणे ६२. गेटचं काम एवढंच होतं, १० डेसिबल. आवाज मुळापासून तोडायची गरज कुठे आली?

गेट: वाक्याच्या शेवटाकडून सुरुवात

बहुतेक जण थ्रेशोल्ड शांततेवरून ठरवतात. कुणी बोलत नसताना नॉब वर नेत जायचा, घरघर थांबली की सोडायचा, आणि वर सुरक्षिततेसाठी आणखी थोडा. माझी पद्धत उलटी आहे. मी वाचणाऱ्याला त्याच्याच पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला सांगते, ज्यात वाक्यं ‘आहे’, ‘नाही’, ‘होतं’, ‘म्हणाली’ अशी संपतात. तो भाग लूपवर लावते आणि फक्त वाक्यांचे शेवट ऐकते. थ्रेशोल्ड हळूहळू वर नेते. ज्या क्षणी पहिली ‘ही’ किंवा ‘हे’ कुरतडल्यासारखी वाटते, तिथून ५-६ डेसिबल खाली येते आणि तिथेच थांबते. मग शांततेत घरघर उरली असेल तर ती खोलीची जबाबदारी.

‘ह’ हा मराठीतला गेटचा खरा शत्रू आहे. त्यात जोर कमी असतो, हवाच जास्त असते. ‘नाही’ आणि ‘आहे’ या दोघांच्या पोटात तो बसलाय, आणि दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात. सुरुवातीलाही तीच गत. ‘हळूहळू’, ‘फक्त’, ‘सकाळी’, ‘खरं’ या शब्दांची पहिली हवा थ्रेशोल्डच्या खाली राहते आणि गेट उघडेपर्यंत निघून जाते. ‘सकाळी’चं ‘अकाळी’ झालेलं मी ऐकलं आहे, आणि त्या प्रकरणात पुढे कुणी मरणार होतं म्हणून ते शोभूनही गेलं.

म्हणून ॲटॅक, म्हणजे गेट किती झटकन उघडायचा, तो एक-दोन मिलिसेकंदांच्या आत ठेवा. अगदी शून्यावर नेलात तर उघडताना ‘टक’ असा आवाज येतो, तेव्हा कान लावून थोडा मागे या. प्लगइनमध्ये आणखी एक सोय असते, थोडं पुढचं ऐकून आधीच उघडण्याची. रीपरच्या ‘रीगेट’मध्ये तिला प्री-ओपन म्हणतात. ५ ते १० मिलिसेकंद द्या, ‘स’ आणि ‘फ’ सुखरूप येतात. रॅकमधल्या ॲनालॉग पेटीला भविष्य दिसत नाही. श्राव्य पुस्तकांसाठी मी गेट प्लगइनचा वापरते आणि कॉम्प्रेसर पेटीतला, त्याचं हे एक कारण.

होल्ड म्हणजे पातळी खाली गेल्यावरही गेट किती वेळ उघडा राहील. १०० ते २०० मिलिसेकंद. रिलीज म्हणजे नंतर तो किती सावकाश मिटेल. गद्य वाचनाला मी २५०च्या खाली जात नाही, कविता असेल तर ४००. वाक्य संपल्यावर श्वास सुटतो, तो अर्धा कापला गेला तर ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. हिस्टेरेसिसचा नॉब असेल तर ४ ते ६ डेसिबल ठेवा. उणे ४०ला उघडलेला गेट मग उणे ४४ ते ४६ला मिटतो, आणि सीमारेषेवरच्या शब्दांत फडफड होत नाही.

सगळ्यात उपयोगी नॉब रेंजचा, आणि तोच सगळ्यात कमी वापरला जातो. मिटलेला गेट आवाज किती खाली नेईल, ते त्यावर ठरतं. वरच्या हिशेबात आपल्याला १० डेसिबल पुरले. १० ते १२ ठेवा. पूर्ण बंद केलात तर दोन वाक्यांच्या मध्ये काळोखी पोकळी पडते, हेडफोनवर ऐकणारा फोन बंद पडला का म्हणून बघतो. ज्या पेट्यांवर रेंजऐवजी रेशो असतो, तिथे तो १:२च्या आसपास ठेवला की यंत्र गेटऐवजी एक्स्पांडरसारखं वागतं, म्हणजे थ्रेशोल्डच्या खाली दर १ डेसिबलला आउटपुट २ डेसिबलने उतरतं. बोलण्यासाठी हेच बरं.

रस्त्यावरून जड वाहन गेलं की गेट आपोआप उघडतो, असा घोडबंदर रोडच्या मंडळींचा नेहमीचा अनुभव. वाहनाची घरघर खर्जात असते आणि यंत्राचा कान ती शब्द समजतो. इथे साइडचेन कामाला येतो. गेटच्या फक्त कानाला १०० हर्ट्झच्या खालचं ऐकू द्यायचं नाही. प्लगइनमध्ये त्यासाठी हाय-पासची पट्टी असते. पेटीत साइडचेन सॉकेटमधून इक्वलायझर जोडावा लागतो. माणसाचा आवाज आहे तसाच जातो, फक्त उघडायचं की नाही हे ठरवणारा कान खर्जाला बहिरा होतो.

कॉम्प्रेसर

थ्रेशोल्ड उणे २०, रेशो ४:१, आत आला उणे ८चा आवाज. तो थ्रेशोल्डच्या १२ वर आहे. १२ला ४ने भागलं की ३. बाहेर पडतो उणे १७, म्हणजे ९ डेसिबल दाबला गेला. कॉम्प्रेसरचं सगळं गणित एवढंच आहे, आणि ९ डेसिबल निवेदनाला फार झाले. मी शिखरांवर ३ ते ६च्या मध्ये राहते, रेशो २.५ किंवा ३. एक लक्षात ठेवा: पेटीवरचे थ्रेशोल्डचे आकडे डीबीयूत असतात आणि प्लगइनचे डिजिटल शिखरापासून खाली मोजलेले. एकावरचा आकडा दुसऱ्यावर उतरवू नका, गेन रिडक्शनचं, म्हणजे किती डेसिबल दाबलं ते दाखवणारं, मीटर बघा. ते दोन्हीकडे एकच भाषा बोलतं.

इथे ॲटॅक म्हणजे दाब किती झटकन बसतो आणि रिलीज म्हणजे तो किती झटकन सुटतो. ते कानाला पहिल्यांदा कळतच नाहीत, कारण सौम्य सेटिंगवर फरक बारीक असतो. शिकण्यासाठी एक युक्ती. रेशो पूर्ण वर, थ्रेशोल्ड इतका खाली की १५ डेसिबल दाबलं जाईल. आवाज भयानक येईल, येऊ द्या. आता ॲटॅक फिरवा. अगदी वेगवान केला की ‘ट’, ‘ठ’, ‘क’, ‘च’ यांची धार जाते, वाचणारा तोंडात घास ठेवून बोलल्यासारखा वाटतो. सावकाश केला की प्रत्येक शब्दाच्या आरंभी ठोसा बसतो. मधली जागा सापडेल, बहुधा १० ते २० मिलिसेकंदांत. मग रिलीज. फार वेगवान असला की दोन शब्दांमधला श्वास फुगून वर येतो. पुरुषाच्या खर्जातल्या आवाजात तर आणखी गंमत: १०० हर्ट्झच्या एका लाटेला १० मिलिसेकंद लागतात, रिलीज त्याच्या जवळपास गेला की कॉम्प्रेसर लाटेच्या आतच खालीवर करायला लागतो आणि आवाज करकरतो. फार सावकाश असला तर एका मोठ्या शब्दानंतरचं सगळं वाक्य दबलेलं राहतं, आणि आपलं ‘नाही’ पुन्हा मार खातं. १०० ते २०० मिलिसेकंद ठीक. दोन्ही सापडले की रेशो आणि थ्रेशोल्ड परत माणसात आणा.

पेटीवर ‘ऑटो’ असेल तर ॲटॅक आणि रिलीज ती स्वतः बघते. घाईच्या दिवशी मी तेच दाबते, त्यात कमीपणा काही नाही. डीबीएक्सवरचं ‘ओव्हरइझी’ बटण निवेदनाला दाबलेलं ठेवा. त्याने थ्रेशोल्डपाशी दाब एकदम न बसता हळूहळू वाढतो. आणि ११७६ची नक्कल असलेला प्लगइन वापरत असाल तर सावध. बिल पुटनम यांनी १९६७ साली आणलेल्या त्या यंत्रात ॲटॅक आणि रिलीजचे नॉब उजवीकडे फिरवले की वेग वाढतो, इतरांच्या उलट. त्याचा सर्वांत सावकाश ॲटॅकसुद्धा एक मिलिसेकंदाच्या आत आहे. नक्कल करणाऱ्यांनी ही सवयही इमानाने उतरवली आहे.

शेवटी आउटपुट गेन. दाबलं तेवढं साधारण परत द्यायचं. इथे कान फसतो, कारण जोरात वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं. बायपास (कॉम्प्रेसर वगळून मूळ आवाज ऐकवणारं बटण) चालू-बंद करून दोन्हींचा जोर सारखा करा, मगच ठरवा. सारख्या जोरावर कॉम्प्रेसर लावलेलं वाचन जास्त जवळचं आणि सलग वाटलं, तर ठेवा. फरकच वाटला नाही तर काढून टाका.

रेकॉर्ड करतानाच लावायचं का

कॉम्प्रेसर हलका असेल, २-३ डेसिबलचा, तर माझी हरकत नाही. कीर्तनकार किंवा पोवाडा गाणारे शाहीर आले की मी तो लावतेच, कारण ‘जी जी रं जी’ला आवाज कुठे जाईल हे त्यांनाही ठाऊक नसतं. गेट मात्र रेकॉर्ड करताना कधीच नाही. दाबलेला आवाज थोडाफार सावरता येतो, कापलेलं ‘नाही’ परत आणता येत नाही, आणि सत्तरीच्या वाचकाला एका शब्दासाठी डोंबिवलीहून पुन्हा बोलावणं बरं दिसत नाही.

वाद्यांबद्दल थोडक्यात. तबल्याला गेट लावू नका, चाटीनंतरचा सूर हीच तर दायाची, म्हणजे उजव्या तबल्याची, ओळख. अगदीच लागला तर रिलीज अर्ध्या सेकंदाच्या पुढे. ढोलकीला कॉम्प्रेसर मानवतो, ॲटॅक २०-३० मिलिसेकंद, म्हणजे थाप आधी सुटते आणि मग दाब बसतो. पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, जवळजवळ काहीच नको. भात्याची फुसफुस गेटने लपवायला गेलात तर ती सुरांच्या मध्ये उघडझाप करते. तानपुऱ्याजवळ तर यातलं काहीच नेऊ नका. दोन माणसांच्या गप्पा असतील तर प्रत्येकाला वेगळा माइक, वेगळा चॅनेल आणि वेगळा थ्रेशोल्ड. ‘स्टिरिओ कपल’ किंवा ‘लिंक’ बटण अशा वेळी बंद हवं, नाहीतर एकाने हसून खिदळलं की दुसऱ्याचाही आवाज दबतो. ते बटण डावा-उजवा मिळून एकच वाद्य असेल तेव्हाचं.

पुस्तक अनेक बैठकांत होतं, म्हणून पहिल्या दिवशी सगळे नॉब ठरले की फोनने सरळ समोरून फोटो काढा. प्रीअँपच्या गेनचाही काढा, कारण तो हलला की पुढचे सगळे थ्रेशोल्ड खोटे ठरतात. वाचणाऱ्याच्या ओठांपासून माइकपर्यंतचं अंतर वीत लावून मोजा आणि तेही लिहून ठेवा. बंद करताना आधी स्पीकर, मग कॉम्प्रेसर, मग बाकीचं. चालू करताना याच्या उलट, स्पीकर सगळ्यात शेवटी.